मॅडम, मी पेशंटला खर्रा सोडायला सांगतो आणि माझ्याच खिशात व्हेप असतो

पत्र :

"मॅडम, मी विदर्भातल्या एका सरकारी मेडिकल कॉलेजात थर्ड इयरला आहे. सिगरेट कधीच ओढली नव्हती, उलट बाबांचा खर्रा बघून लहानपणापासून तंबाखूची चीड होती. सेकंड इयरच्या प्रिलिमला रूममेटने पॉड, म्हणजे छोटा व्हेप, ई-सिगरेट, हातात दिला, म्हणाला नुसती वाफ आहे, मँगो फ्लेवर, यात काही नसतं. आता सकाळी डोळे उघडले की आधी तोच शोधतो. लायब्ररीत तास-दीड तास झाला की बाथरूमला जाऊन ओढून यावं लागतं. रूममेट म्हणतो सिगरेटपेक्षा ९५ टक्के सेफ आहे, आणि पीएलएबी ही इंग्लंडात डॉक्टरकी करायची परीक्षा देऊन गेलेला सिनियर सांगतो की तिथे डॉक्टर स्वतःच पेशंटला व्हेप देतात. आम्हाला याबद्दल धड कोणी शिकवलंही नाही. परवा पीएसएमच्या, म्हणजे सामाजिक आरोग्याच्या पोस्टिंगला एका काकांना खर्रा सोडा म्हणून समजावत होतो आणि अॅप्रनच्या खिशात पॉड होता, मला पुढे बोलताच येईना. सोडून बघितला पण टिकत नाही. कोणाला सांगितलं आणि रेक्टरने घरी फोन केला तर? काय करू?"

उत्तर :

आधी काळजीचं उत्तर देते, व्हेप सुटतो. पण तू आजवर ज्या पद्धतीने सोडून बघितलास, म्हणजे रात्री ठरवायचं, सकाळी पॉड कपाटावर फेकायचा आणि कोणालाही न सांगता दात-ओठ खात दिवस ढकलायचा, त्या पद्धतीने फार थोड्या लोकांचा सुटतो, तेव्हा तुझी इच्छाशक्ती कमी आहे वगैरे डोक्यातून काढून टाक.

तू पत्रात एक गोष्ट सहज लिहून गेलास की डोळे उघडले की आधी तोच शोधतो. सायकियाट्रीच्या पोस्टिंगला निकोटिनचं व्यसन किती आहे ते मोजणारी फागरस्ट्रॉमची प्रश्नावली बघशील तेव्हा लक्षात येईल, त्यातला पहिलाच प्रश्न हा आहे की सकाळी उठल्यावर किती वेळात पहिली ओढता, आणि पाच मिनिटांच्या आत असं उत्तर आलं की पूर्ण ३ मार्क. ती सिगरेटसाठी बनवलेली आहे, पण तुझं उत्तर वाचून कुठलाही डॉक्टर सांगेल की तुला निकोटिनचं व्यसन लागलंय. हे निदान म्हणून वाच. बाबांच्या खर्ऱ्याला जे निदान लावशील तेच.

आता ते "यात काही नसतं". हे वाक्य मी मेडिकलच्या मुलांच्या तोंडून इतक्यांदा ऐकलंय की आता खरंच राग येतो, तुमच्यावर नाही, ज्यांनी हे तुमच्यापर्यंत असं पोचवलं त्यांच्यावर. त्या कांडीत एक लिथियमची बॅटरी, एक तारेची कॉइल, कापूस आणि लिक्विड असतं. लिक्विडमध्ये प्रोपिलीन ग्लायकॉल, ग्लिसरीन, फ्लेवर आणि निकोटिन. कॉइल तापली की हे सगळं अतिशय बारीक थेंबांच्या रूपात फुफ्फुसात जातं, तापताना त्यातून फॉर्माल्डिहाइड, अॅसिटाल्डिहाइड, अॅक्रोलीन तयार होतात, आणि कॉइलमधून निकेल, क्रोमियम, शिसं यांचे अंशही सापडलेत. सिगरेटच्या धुरापेक्षा यातले बरेचसे घातक पदार्थ कमी असतात, हे खरं आहे आणि मी ते लपवणार नाही, कारण अर्धवट सांगितलं की तुमच्यासारखी हुशार मुलं उरलेल्या अर्ध्यावर बोट ठेवून सगळंच मोडीत काढतात. पण कमी म्हणजे नाही असं होत नाही, आणि निकोटिनच्या बाबतीत तर बऱ्याचदा ते कमीही नसतं.

इथे जरा थांबू, कारण तू यातच अडकलायस. साध्या निकोटिनचा मोठा डोस घशात गेला की ठसका बसतो, पहिली सिगरेट ओढणारा खोकून लाल होतो तो त्यामुळेसुद्धा, आणि बरेच जण तिथेच सोडून देतात. २०१५ साली अमेरिकेत ज्यूल नावाचं व्हेप आलं, त्यात निकोटिनला बेंझोइक अॅसिड घालून त्याचा सॉल्ट केलेला होता, त्यामुळे पीएच खाली येतो, घसा खवखवत नाही आणि ५ टक्क्यांचं लिक्विडसुद्धा गोड गोड आत जातं. ज्यूलच्या एका पॉडमध्ये जेमतेम ०.७ मिली लिक्विड आणि त्यात साधारण ४० मिलिग्रॅम निकोटिन असायचं. सिगरेट ओढणाऱ्याच्या अंगात एका सिगरेटमधून साधारण १ ते दीड मिलिग्रॅम जातं, म्हणजे अंदाज कर. युरोपात २० मिलिग्रॅम प्रति मिलीच्या वर विकायला परवानगीच नाही. आपल्याकडे विक्रीच बंद आहे, त्यामुळे टेलिग्राम किंवा टपरीवरून जे येतं त्याच्या डबीवर काय छापलंय आणि आत काय भरलंय हे तपासणारं कोणीच नाही, ज्या मुलांना वाटतं की आपला "झिरो निकोटिन" आहे त्यांनी एकदा तो ओढल्याशिवाय दोन दिवस राहून बघावं. मँगोच्या चवीने घसा फसतो, मेंदूला मात्र पूर्ण डोस पोचतो, आणि तोसुद्धा विशीतल्या मेंदूला, ज्याचा फ्रंटल लोब अजून पक्का व्हायचाय.

आणि तो तासाभराचा हिशोब. निकोटिनचं हाफ लाइफ, म्हणजे रक्तातलं प्रमाण निम्म्यावर यायचा वेळ, साधारण दोन तास, हे तू एएनएसच्या (स्वायत्त मज्जासंस्थेच्या) चॅप्टरमध्ये वाचलं असशील आणि व्हायव्हाला सांगितलंही असशील. लेव्हल उतरायला लागली की अस्वस्थपणा, चिडचिड, लक्ष लागत नाही, मग तू बाथरूममध्ये जाऊन दोन पफ मारतोस, बरं वाटतं, आणि तुला वाटतं व्हेपमुळे टेन्शन जातं, अभ्यास होतो. प्रत्यक्षात त्या तासाचं टेन्शन बऱ्याच अंशी निकोटिन उतरल्याचंच असतं. प्रिलिमला सुरू झालेलं व्यसन म्हणून जास्त चिवट असतं, कारण परीक्षेची भीती आणि तलफ एकमेकांत इतकी मिसळतात की मुलाला वेगळी ओळखू येत नाहीत, आणि तुमच्याकडे परीक्षा कधी संपतात, टर्म एन्ड झाली की प्रिलिम, प्रिलिम झाली की युनिव्हर्सिटी.

रूममेटच्या ९५ टक्क्यांबद्दल. हा आकडा २०१५ साली इंग्लंडच्या सरकारी आरोग्य खात्याच्या, पब्लिक हेल्थ इंग्लंडच्या अहवालातून पसरला. तो मुळात काही तज्ज्ञांनी बसून केलेला अंदाज होता, माणसांचे दोन गट घेऊन वीस वर्षं मोजून काढलेला नव्हता, आणि त्यावर तेव्हाच मोठ्या जर्नलांमधून टीका झाली. पण आपण घटकाभर तो धरून चालू, तरी तुलना सिगरेटशी आहे ना. तू सिगरेट ओढतच नव्हतास. तुझी तुलना स्वच्छ हवेशी होणार.

सिनियर सांगतो तेही अर्ध खरं आहे. इंग्लंडात २०२३ साली सरकारने सिगरेट ओढणाऱ्या लाखो लोकांना व्हेपचं किट द्यायची योजना जाहीर केली, आणि व्हेपने सिगरेट सुटायला मदत होते याला पुरावाही आहे. २०१९ मध्ये न्यू इंग्लंड जर्नल या अमेरिकन वैद्यकीय जर्नलला आलेल्या, इंग्लंडातच झालेल्या एका ट्रायलमध्ये एका वर्षानंतर व्हेप दिलेल्यांपैकी १८ टक्के सिगरेटमुक्त होते आणि गम-पॅच दिलेल्यांपैकी ९.९ टक्के. पण त्याच पेपरात पुढे लिहिलंय की सिगरेट सुटलेल्या व्हेपवाल्यांपैकी ८० टक्के वर्षानंतरही व्हेप ओढतच होते, गम-पॅचवाल्यांमध्ये हेच प्रमाण ९ टक्के. तो सिनियर हे वाक्य सांगत नाही. तिथले डॉक्टरही हेच सांगतात की जो सिगरेट ओढत नाही त्याने व्हेप धरू नये, आणि मुलांमध्ये इतका पसरला की १ जून २०२५ पासून तिथे डिस्पोजेबल व्हेप विकायला बंदी आली.

मोठा धोका अजून पुरता कळलेला नाही, कारण आजच्या रूपातला व्हेप चीनमधल्या होन लिक नावाच्या फार्मासिस्टने २००३ च्या सुमाराला बनवला, आणि फुफ्फुसाचे जुने आजार दिसायला तीस-चाळीस वर्षं जातात. अमेरिकेत २०१९ मध्ये व्हेप ओढणाऱ्यांची फुफ्फुसं अचानक निकामी व्हायची जी साथ आली ती तुला माहीत असेल, फेब्रुवारी २०२० पर्यंत २८०७ जण अॅडमिट झाले किंवा दगावले, त्यातले ६८ मृत्यू, आणि अॅडमिट झालेल्यांत निम्म्याहून जास्त पंचविशीच्या आतले. त्याचा मुख्य संशय गांजाच्या तेलात मिसळलेल्या व्हिटामिन ई अॅसिटेटवर आहे, साध्या निकोटिनच्या पॉडवर नाही, हेही सांगायला पाहिजे. पण ते तेलसुद्धा मुख्यतः अनधिकृत बाजारातून आलं होतं, मित्रामार्फत, ऑनलाइन, कुठल्याशा माणसाकडून, आणि तुझा पॉडही तसाच येतो.

तू लिहिलंस की आम्हाला धड शिकवलं नाही. हे मला पटतं आणि यावर मी आमच्या शिक्षकांच्या बाजूने बोलणार नाही. जागतिक आरोग्य संघटना आणि अमेरिकेच्या सीडीसी या रोगनियंत्रण संस्थेने २००५ पासून वेगवेगळ्या देशांतल्या थर्ड इयरच्या मेडिकल, डेंटल, नर्सिंग, फार्मसीच्या मुलांचे सर्व्हे केले, त्यात बहुतेक मुलं म्हणतात की पेशंटला तंबाखू सोडवायचं ट्रेनिंग मिळायला हवं, आणि प्रत्यक्ष मिळालं असं म्हणणारी थोडीच. व्हेपच्या बाबतीत तर मुलांचं शिक्षण रीलवर आणि हॉस्टेलच्या गॅलरीत होतं, मग फार्मॅकला (औषधशास्त्राला) डिस्टिंक्शन मिळवणारा मुलगाही म्हणतो यात काही नसतं. लेक्चर असतं ते बिडी, सिगरेट, गुटख्याचं, आणि ते हवंच, आपल्या महाराष्ट्रात २०१६-१७ च्या पाहणीत २६.६ टक्के मोठी माणसं तंबाखू घेत होती आणि त्यात धूर काढणारे ३.८ टक्केच, बाकी सगळा खर्रा, मावा, मिश्री. पण त्यामुळे होतं काय की मुलांच्या डोक्यात तंबाखू म्हणजे बाबांचा, गावाकडचा, पिचकाऱ्यांचा, आणि त्या गुळगुळीत गुलाबी कांडीला हे नावच लागत नाही. तू खर्ऱ्याची चीड असून पॉड हातात घेतलास तो याच वाटेने.

बरं, आता सोडायचं कसं. टर्म एन्डच्या आदल्या दिवशी सुरू करू नकोस, पण सगळ्या परीक्षा संपल्यावर असंही म्हणू नकोस कारण ती वेळ येत नाही. पुढच्या दोन आठवड्यांतली एक तारीख धर, जरा हलक्या पोस्टिंगची. त्याआधी कॉलेजातल्याच सायकियाट्री किंवा चेस्टच्या ओपीडीत जाऊन केसपेपर काढ. बऱ्याच मेडिकल कॉलेजात तंबाखूमुक्ती केंद्र असतं, तुमच्याकडे आहे का बघ. कॉलेजात जायची भीती वाटते तर दुसऱ्या गावातल्या सरकारी दवाखान्यात जा, खासगीत जा, पण पेशंट म्हणून जा. रेसिडेंट मित्राकडून कँटीनमध्ये गोळी लिहून घेऊ नकोस, मेडिकलची मुलं हे हमखास करतात आणि मग ना डोस ठरतो ना कोणी फॉलोअप विचारतो.

परदेशात लोक कमी कमी निकोटिनचं लिक्विड घेत व्हेप उतरवत आणतात. आपल्याकडे ते जमणार नाही, लेबलवर विश्वासच नाही तर उतरवणार काय. म्हणून ज्याचा डोस खात्रीचा आहे त्यावर ये, म्हणजे निकोटिनचं गम किंवा पॅच. २ मिलिग्रॅमचं गम मेडिकलमध्ये चिठ्ठीशिवाय मिळतं, ४ चं लागेल का, सोबत पॅच लावायचा का, हे डॉक्टर ठरवतील, उठल्या उठल्या लागतो हे त्यांना नक्की सांग कारण त्यावरच डोस ठरतो. आणि गम च्युइंगमसारखं चघळू नकोस. दोन-चार वेळा चावायचं, तिखटसर झिणझिण आली की गालात दाबून ठेवायचं, झिणझिण गेली की परत चावायचं, असं अर्धा तास. आधी पंधरा मिनिटं आणि तोंडात असताना चहा-कॉफी नाही, नाहीतर ते शोषलंच जात नाही. गमने काही होत नाही म्हणणारे निम्मे लोक ते चुकीचं खातात असं माझं मत आहे.

वॅरेनिक्लिन नावाची गोळीही आहे. २०२५ मध्ये जामा या वैद्यकीय जर्नलमध्ये अमेरिकेतली एक ट्रायल आली, १६ ते २५ वयाची फक्त व्हेप ओढणारी मुलं घेतलेली, तीन महिन्यांच्या औषधाच्या शेवटी वॅरेनिक्लिनवाल्यांपैकी ५१ टक्के सुटलेले होते आणि खोट्या गोळीवाल्यांपैकी १४ टक्के, समुपदेशन दोन्ही गटांना होतं. गोळी थांबल्यावर काही जण परत वळले, तरी फरक राहिला. मळमळ होते, विचित्र स्वप्नं पडतात, आणि ती चिठ्ठीवरच घ्यायची. तुझ्यासाठी ती योग्य आहे का ते समोर बसलेला डॉक्टर बघेल.

पहिले दोन-तीन दिवस सगळ्यात वाईट जातील, डोकं जड, भूक, रूममेटवर खेकसणं, वाचलेलं पान परत वाचावं लागणं. दुसऱ्याच दिवशी परत ओढलास तर तू अगदी शिखरावरून परत फिरलास, पुढे उतारच होता. तीन-चार आठवड्यांत बरंचसं ओसरतं. एकेक तलफ काही मिनिटांचीच असते, तेवढा वेळ काढायचा, पाणी पी, मेसकडे चालत जा, कोणाला फोन कर. एक तुझ्या अभ्यासातली गंमत सांगते, सिगरेट सोडणाऱ्याला आम्ही कॉफी कमी करायला सांगतो कारण धुरातल्या हायड्रोकार्बनमुळे सीवायपी १ए२ हे कॉफीतलं कॅफिन फोडणारं एन्झाइम वाढलेलं असतं, धूर थांबला की तेवढ्याच कॉफीने धडधडायला लागतं. व्हेपमध्ये धूर नाही म्हणून तुला तो प्रश्न नाही, पण झोप उडालेली असेल तर रात्रीची कॉफी तशीही बंद कर. आणि उदास वाटणं लांबलं, नको ते विचार यायला लागले, तर थांबू नकोस, टेली मानस १४४१६ चोवीस तास चालू असतं.

केंद्र सरकारची तंबाखू सोडायची हेल्पलाइन आहे, १८००-११-२३५६, फुकट आहे, त्यांना कॉलेजचं नाव सांगायची गरज नाही. पहिला फोन तिथे कर, कारण तुझा खरा अडसर मला कोणाला तरी पहिल्यांदा मोठ्याने सांगण्याचा वाटतो. रेक्टरच्या भीतीबद्दल, तू ओपीडीत डॉक्टरला जे सांगतोस ते गोपनीय असतं, हे तू एफएमटीत, म्हणजे न्यायवैद्यकात, शिकतोयस. २०१९ च्या बंदीच्या कायद्यात बनवणं, आणणं, विकणं, वाटणं, साठा करणं, जाहिरात करणं यांना शिक्षा आहे, विक्रीला पहिल्या वेळी एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. नुसत्या ओढणाऱ्यासाठी त्यात वेगळी शिक्षा लिहिलेली नाही, पण हॉस्टेलचे नियम वेगळे असतात आणि रूमवर सापडला तर ते लागतील. उपचार घ्यायला आलेल्या मुलाला शिक्षा करू नये असं मला ठाम वाटतं, आणि हे वाचणारे कोणी रेक्टर किंवा डीन असतील तर त्यांना हात जोडून सांगते, पॉड जप्त करा, पण त्या मुलाला घरी पाठवायच्या आधी ओपीडीत पाठवा. तुझ्या बाबांना कधी सांगायचं हे तू ठरव. कदाचित दोघांचं एकदम निघेल, पण ती जबाबदारी आत्ताच अंगावर घेऊ नकोस.

आणि ते खर्रावाले काका. तू गप्प झालास ते मला समजलं, पण पुढच्या वेळी बोल. तुझं व्यसन सुटेपर्यंत ते काका थांबणार नाहीत, खर्ऱ्याने त्यांचा जबडा उघडायचा कमी होत जाईल. १९५१ साली डॉल आणि ब्रॅडफर्ड हिल या संशोधकांनी ब्रिटनमधल्या डॉक्टरांनाच सिगरेटबद्दल पत्र पाठवून विचारलं, चौतीस हजारांवर पुरुष डॉक्टरांनी माहिती दिली, त्यातले कितीतरी जण तेव्हा स्वतः रोज ओढत होते आणि पेशंटही तपासत होते. पुढच्या वर्षांत त्यातल्या अनेकांनी सोडली, आणि पन्नास वर्षांनी निष्कर्ष आला की तिशीच्या आसपास सोडली तर सिगरेटने जाणारी साधारण दहा वर्षं जवळजवळ सगळी परत मिळतात. ते आकडे सिगरेटचे आहेत, व्हेपचे नाहीत. पण ओढणाऱ्या डॉक्टरांच्या माहितीवरच ते ज्ञान उभं राहिलंय. तू काकांना स्वतःबद्दल काही सांगायची गरज नाही, फक्त त्यांना विचार की उठल्यावर किती वेळात पहिली पुडी लागते. उत्तर ऐकताना तुला आता माहीत असेल की ते काय सांगतायत.

शेवटी तुझ्या खिशातला पॉड. ठरलेल्या तारखेच्या आदल्या रात्री तो रूमबाहेर गेला पाहिजे, "इमर्जन्सीला एक" असं नको. मेसच्या कचऱ्यात टाकू नकोस, बॅटरी पेट घेऊ शकते आणि आतलं लिक्विड कुत्र्या-मांजरांना, लहान मुलांना विषारी आहे, ई-कचरा घेणाऱ्याकडे दे. आणि पैसे वसूल व्हावेत म्हणून ज्युनियरला विकू नकोस किंवा फुकटही देऊ नकोस, कायद्यात फुकट वाटणं हेसुद्धा वाटणंच धरलंय, आणि तुलाही तो असाच कोणीतरी फुकट दिला होता. रूममेटशी वाद घालत बसू नकोस, फक्त एवढं ठरवून घे की पहिला महिना तो रूममध्ये ओढणार नाही. तो ऐकत नसेल तर तेवढे दिवस दुसऱ्या मित्राच्या रूमवर गादी टाक. तारीख ठरली की मला कळव, आणि चौथ्या दिवशी कसं चाललंय ते लिही.